पळसाच्या पानावरचे तांदूळ

नगर, १४ जानेवारी १९७३

वहिनी,

पत्राच्या वरती साष्टांग नमस्कार लिहितात. मी तो तीनदा लिहिला आणि तीनदा कागद फाडला. तेव्हा या खेपेला नमस्कार शेवटी, जमला तर.

आज संक्रांत. पाकिटात हलव्याचे दहा-बारा दाणे घातलेत. पोस्टाच्या शिक्क्यानं त्यांचा भुगा झाला तरी चाटून घे. तू खर्ड्याला माहेरी गेलीस त्याला आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम गोड खा म्हणते आहे. तुला राग येईल. हसू आलं तर बरं.

मी जूनपासून इथं शिक्षिकेच्या ट्रेनिंगला आहे. वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही सहाजणी. सकाळी माणशी एक बादली पाणी मिळतं, त्यातच अंघोळ, धुणं आणि भांडणं उरकायची. तिकडं दुष्काळाचं कसं काय? तुमच्या विहिरीला तळाशी तरी काही आहे का?

एक गंमत सांगते. परवा आमच्या विज्ञानाच्या राधाकृष्ण सरांनी आम्हाला लाळ मोजायला लावली. हसू नकोस, खरंच. कापसाचा बोळा आधी तराजूत तोलायचा, मग तो जिभेखाली धरून दोन मिनिटं गप्प बसायचं आणि पुन्हा तोलायचा. जेवढं वजन वाढलं तेवढी लाळ. चाळीस पोरी दोन मिनिटं गप्प बसल्या, सरांना तेच नवल वाटलं असणार. नुसत्या तोंडानं जेमतेम एक ग्रॅम भरली. मग जिभेवर साखरेचं पाणी टाकलं, चूळ भरून मिठाचं, मग कडुलिंबाच्या पाल्याचं. साखरेनं दोन, मिठानं थोडी जास्त, कडूनं पोरींची तोंडं वाकडी झाली पण लाळ फार नाही. आणि लिंबाच्या रसानं सहा-सात ग्रॅम! बोळा नुसता ठिबकत होता. सर म्हणाले, आंबट जिभेला लागलं की शरीराला दातांची काळजी पडते, म्हणून ते भराभर पाणी सोडून तोंड धुऊन काढतं.

शेवटी सरांनी टेबलावर चिंचेचा गोळा ठेवला. खायचा नाही, नुसता बघायचा. सगळ्यांचे बोळे भिजले. माझा कोरडा निघाला. सरांनी दोनदा तोलून पाहिला आणि विचारलं, "पुष्पावती, तुला चिंच आवडत नाही का?"

मी म्हटलं, आवडते. बाकीच्या हसल्या. मीही हसले.

एवढंच. तू चौथीपर्यंत शिकलीस ते बरं झालं, हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायला नको.

तुझी नणंद,
पुष्पा


नगर, ४ फेब्रुवारी १९७३

वहिनी,

तुझं उत्तर नाही. पण पाकीट परत आलं नाही, म्हणजे ते तुला मिळालं आणि तू फाडलं असलंस तरी निदान हातात घेतलंस.

त्या पत्रात मी एक गोष्ट गाळली. तास संपल्यावर मी सरांच्या मागं गेले आणि विचारलं, "सर, आमच्या गावाकडं चोर धरायला मंतरलेले तांदूळ चारतात. ज्याचे कोरडे राहतात तो चोर. ते खरं असतं का?"

सर म्हणाले, "माणूस भ्याला की त्याच्या तोंडाला कोरड पडते, एवढं खरं. पण चोर जसा भितो तसा ज्याच्यावर आळ येणार असतो तोही भितो. तांदळाला त्यातला फरक कुठून कळणार?"

मी जिन्यावर बसून राहिले. पुढचा तास बुडाला.

तो दिवस तुला मी सांगायची गरज नाही. पण मला लिहायचा आहे. गेल्या मे महिन्यातला सोमवार. आईची नथ उतरंडीच्या तिसऱ्या मडक्यातून नाहीशी झाली होती आणि आईनं छगन भगताला बोलावलं होतं. आतल्या घरात जाणाऱ्या बायका चारच, आई, तू, मी आणि कामाला येणारी गोजरबाई. सकाळपासून आपण ओसरीवर वर्षाच्या चिंचा फोडत बसलो होतो. भगतानं चौघींना ओळीत बसवलं, प्रत्येकीला चिमूटभर तांदूळ दिले, म्हणाला, माझी देवीची नावं घेऊन होईस्तोवर चावायचं आणि पळसाच्या पानावर थुंकायचं. आईचे ओले. गोजरबाईचे ओले. माझे ओले. तुझे जसे तोंडात गेले तसेच पानावर पडले, भरड आणि कोरडे.

तुझा सोमवार होता. मुलासाठी धरलेले कडक सोमवार, दिवस मावळेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. वर ते ऊन. आईला एवढं ठाऊक होतं, मला होतं, दादाला होतं. आई म्हणाली, "म्या म्हनलं नव्हतं? एकदा न इचारता मायला लुगडं धाडलं हुतं, तवाच वळखलं म्या हिला." दादा गोठ्याच्या दाराशी उभा होता. तू त्याच्याकडे पाहिलंस आणि त्यानं बैलाच्या दाव्याकडे पाहिलं. संध्याकाळच्या एसटीनं तू गेलीस.

मला सांगायचं ते एवढंच, की त्या वेळी माझ्या तोंडात चिंच होती. फोडता फोडता एखादं बोटुक तोंडात जातंच. गालात राहून गेलं होतं, माझ्या ध्यानात नव्हतं. माझे तांदूळ ओले निघाले ते त्यामुळं. योगायोग म्हणायचा.

पुष्पा


नगर, ११ मार्च १९७३

वहिनी,

काल गावाकडचा माणूस भेटला. आईनं दादासाठी सोनईकडची मुलगी पाहिली आहे. दुष्काळात पोरीचे आईबाप नारळावर लग्न लावून द्यायला तयार आहेत. आखितीचा मुहूर्त धरलाय. त्याआधी चार पंच बसवून तुझी काडी मोडायची. दादा हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. पाझर तलावाच्या कामावर जातो, येतो, जेवतो.

आखितीला दोन महिनेसुद्धा राहिले नाहीत. म्हणून आज लिहिते. नथ मी घेतली होती.

चोरायला नाही घेतली, वहिनी. हे वाक्य मी दहा महिने स्वतःला सांगत आले आणि आज कागदावर उतरवल्यावर ते किती फालतू दिसतंय. माझ्या मैत्रिणीचं, विजयमालाचं, लग्न ठरलं होतं, ती म्हणाली, दोघींनी पाथर्डीला जाऊन एक फोटो काढू, नऊवारीतला. मला वाटलं, नथ असावी. उतरंडीतून काढली, फोटो काढला, स्टुडिओतच नाकातून उतरवून रुमालाच्या टोकाला गाठ मारली. येताना जीपमध्ये माणसं कोंबलेली. घरी येऊन पाहते तर गाठ सुटलेली. दुसऱ्या दिवशी गोवऱ्या वेचायच्या निमित्तानं मी त्या रस्त्यानं दोन मैल माती चाळत गेले.

त्याच वेळी सांगितलं असतं तर काय झालं असतं? चार थपडा. आणि नगर बंद. ट्रेनिंगचा अर्ज नुकताच गेला होता. आई आधीच म्हणत होती, पोरगी एकटी शहरात ऱ्हानार कशी. नथ हरवणाऱ्या पोरीला तर तिनं उंबऱ्याबाहेर सोडलं नसतं. त्या अर्जासाठी दादाला गळ घातली होतीस तूच. फॉर्मवर त्याची सही होईपर्यंत तू त्याच्या ताटात भाकरी वाढली नव्हतीस, हे मला त्यानंच हसत सांगितलं होतं.

मला वाटलं, भगत येईल, तांदूळ चारील, कुणाचेच कोरडे निघणार नाहीत आणि प्रकरण मिटेल. तुझं नाव येईल असं मनात नव्हतं. शपथ घेऊन सांगते. पण माझ्या शपथेला आता काय किंमत, तूच सांग.

पाडव्याला घरी जाणार आहे. आईला सगळं सांगणार.

पुष्पा


नगर, ८ एप्रिल १९७३

वहिनी,

नाही सांगितलं.

पाडव्याच्या दिवशी गुढीला कडुलिंब आणि गूळ ठेवला होता. आईनं माझ्या हातावर त्याची गोळी ठेवली आणि म्हणाली, "आखितीला लवकर ये. नव्या नवरीला मेंदी तू काढायची." मी तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती. शब्दच काय, ती गोळीसुद्धा गिळवेना. आईनं मला पाणी दिलं, "उनाचं आलीस नव्हं" म्हणाली आणि पाठीवरून हात फिरवला. मी पाणी प्याले.

दादा अंगणात पाटीला दोरी बांधत होता. मी म्हटलं, "दादा, वहिनीचं काही कळलं का?"

तो म्हणाला, "काय कळायचंय?" मग दोरीची गाठ आवळत म्हणाला, "तिला इहिरीचं ताजं पानी मानवायचं न्हाई. हिवाळ्यात बी रांजणाचंच प्यायची." एवढं बोलून उठला. त्याला तुझी आठवण येते, वहिनी. पण आठवण येऊनही तो जागचा हलला नाही, आणि मी त्याला नावं कोणत्या तोंडानं ठेवू?

दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीनं मी पळून आले. आणि आता वसतिगृहात दार लावून ते लिहिते जे आधीच्या पत्रांत लपवलं.

चिंच योगायोगानं नव्हती. भगत वेशीत आला असं गोजरबाईनं सांगितलं, तेव्हा तू घोंगडी अंथरायला उठलीस. मी टोपलीतली सगळ्यांत जून, सगळ्यांत आंबट चिंच निवडून गालात दाबली. हे मला सुचलं कुठून, आठवतं? तूच सांगितलं होतंस. तुझ्या लग्नात तुझा धाकटा भाऊ पिपाणीवाल्याच्या पुढ्यात उभा राहून मिटक्या मारत चिंच खात होता. पिपाणीवाल्याच्या तोंडाला एवढं पाणी सुटलं की पिपाणीतून सूर निघेना आणि वरात अडून राहिली. ही गोष्ट सांगताना तू लोटपोट हसली होतीस. तुझ्या हसण्यातून मी तुझ्याविरुद्ध वापरायची वस्तू उचलली.

आणि अजून एक. हे लिहिलं की माझ्याकडं लपवायला काही उरणार नाही.

माझ्या पानावरचे तांदूळ तपकिरी निघाले होते. भगतानं पान वर धरलं आणि विचारलं, "ह्ये लाल कशानं?" मी सापडले होते. तेवढ्यात तू बोललीस. दिवसभरात तू तेवढंच बोललीस. "चिचा फोडीत व्हतो आमी. समद्यांच्याच हाताला लागल्यात." भगतानं मान हलवली आणि पान खाली ठेवलं.

पुढची पाळी तुझी होती. तुझेही हात चिंचेनं माखलेले होते. तुझे तांदूळ पांढरेशुभ्र पडले, वहिनी. हाताचा डाग तांदळाला लागत असता तर तुझ्याही लागला असता. एवढी साधी गोष्ट त्या ओसरीवर कुणाला दिसली नाही. तुला माझा गाल दिसला होता. तुला सगळं कळलं होतं. तू मला वाचवलंस आणि मग तुझ्यावर आळ आला तेव्हा मी तुझ्या शेजारी मांडी घालून बसले होते, आणि गालातली चिंच चोखत होते, कारण ती थुंकायला उठले असते तर कुणी पाहिलं असतं.

तू तेव्हाही माझं नाव घेतलं नाहीस. का? नगरला मी जावं म्हणून? की तुला वाटलं, पुष्पा आता बोलेल, आत्ता बोलेल? मला हा दुसरा विचार सहन होत नाही.

मी बोलले नाही.

पुष्पा


मुक्काम गावी, ३० एप्रिल १९७३

वहिनी,

परवा सुटी लागली. काल घरी आले. आज सोमवार आहे, म्हणून आजच केलं.

येताना पाथर्डीला उतरून स्टुडिओतून त्या फोटोची आणखी एक प्रत काढून घेतली. माझी प्रत ट्रंकेच्या तळाला कागदाखाली होती, वर्षभर. मी पहाटेपासून पाणी प्याले नाही. चुलीपुढं आई होती, दादा कामावर निघायच्या आधी भाकरी खात होता, गोजरबाई शेण काढून हात धुवायला आली होती. मी डब्यातले मूठभर तांदूळ आणले, पळसाचं पान मांडलं आणि आईला म्हटलं, मला चावायचे आहेत.

आई म्हणाली, "ह्ये काय नवं खूळ?"

मी चिमूट तोंडात टाकली. चावत राहिले. मघापासून छाती धडधडत होती आणि तोंडात काहीच नव्हतं, नुसतं पीठ. पानावर थुंकले. जशी टाकली तशी चिमूट बाहेर आली. मी म्हटलं, "आई, हे माझे खरे तांदूळ. त्या दिवशी माझ्या गालात चिंच होती." आणि त्याच्या शेजारी फोटो ठेवला. नथ फोटोत माझ्या नाकात स्पष्ट दिसते. मोती मोजून घ्यावेत इतकी.

दोन फोटो सारखे, एक आईपुढं, एक दादापुढं. मग जीपमधली गाठ, रस्ता, टोपलीतली चिंच, तू भगताला काय म्हणालीस, सगळं सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना.

आई आधी फोटोवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "झालं ते झालं. सोनईकराला सबुद दिलाय. आता आन घरची आब्रू उंबऱ्याभायेर मांडतीस व्हय?" मला वाटलं होतं ती मारील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ती पीठ मळायला लागली.

गोजरबाई दारातून म्हणाली, "मला ठावं व्हतं, पोरी. चांगुणावैनीचे तांदूळ पांढरे व्हते, त्ये म्या बगितलं. पन मोलकरनीनं बोलायचं कुनाम्होरं?" आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. म्हणजे ते कुणाला दिसलं नाही असं मी तुला लिहिलं होतं, ते खरं नव्हतं.

दादानं भाकरी बाजूला सारली. फोटोकडं पाहिलं नाही. उरलेल्या तांदळातली एक चिमूट त्यानं उचलली, तोंडात टाकली आणि भिंतीकडं तोंड करून चावत बसला. आई म्हणाली, "आरं, तुला कशाला?" तो चावतच होता. मग पान ओढून त्यावर थुंकला. वहिनी, कोरडे. माझ्यापेक्षा कोरडे. त्यानं नथीला कधी हातसुद्धा लावला नव्हता.

"त्या दिशी तिनं माज्याकडं बगितलं व्हतं," तो म्हणाला. बस्स. उठून त्यानं खुंटीवरचा सदरा घातला. सोनईला निरोप द्यायला गोजरबाईच्या पोराला धाडलं, लग्न मोडलं म्हणून. आई मागून बरंच बोलत होती. त्यानं वळून पाहिलं नाही.

आता तो अंगणात उभा आहे. पाथर्डीहून जामखेडच्या एसटीत बसेल, दुपार कलेपर्यंत खर्ड्याला पोचेल. हे पत्र मी त्याच्याच हाती देते आहे. सोबत फोटो आहे. तो तू ठेव. कधी कुणी पुन्हा तुला काही म्हणालं तर त्यांच्यापुढं ठेव. माझ्या नावाचं काय होईल याचा विचार करू नकोस, एकदा केलास तेवढा पुरे.

तू परत यावंस असं मी लिहिणार नाही. तो हक्क माझा नाही. इथलं घर तेच आहे, आई तीच आहे, आणि ज्यानं दाव्याकडं पाहिलं तो माणूसही तोच आहे. यायचं की नाही ते तू ठरव, आणि ठरवायला हवा तेवढा वेळ घे. नमस्कार मात्र आज लिहिते, पाया पडून.

एक सांगते. दादा तुझ्या दारात उभा राहील तेव्हा त्याला बोलता येणार नाही. उन्हाचा आलेला असेल, घसा सुकलेला असेल, जीभ टाळ्याला चिकटलेली असेल. त्या दिवशी तुला कुणी पाणी विचारलं नव्हतं. तूही लगेच विचारू नकोस. त्याला जरा वेळ तसाच उभा राहू दे.

पण तू विचारशील. तांब्या भरून आणशील, आधी त्याला देशील आणि मग हे पत्र उघडशील. ते मला इथं बसून दिसतंय, आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

पुष्पा